पैसे मोजून खाल्लेली धूळ

(द्वितीय वर्ष, कला)

बग्गी हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. संस्थानिकांच्या वाड्यातील बग्गी, मिरवणुकीतील बग्गी, आणि अलीकडे लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने आणलेली, विजेच्या माळा लावलेली बग्गी आपण सर्वांनीच पाहिली आहे. अठराव्या शतकात इंग्रज लोक हलक्या घोडागाडीला बग्गी म्हणत. त्यांच्याबरोबर तो शब्द इकडे आला आणि असा काही मुरला की तो परका आहे हेही आपण विसरलो. प्रस्तुत लेखातील बग्गी मात्र निराळी आहे. तिला घोडा नाही, मखमली गादी नाही, दारे असलीच तर अर्धी. लोखंडी नळ्यांचा एक पिंजरा, त्यात शेजारी शेजारी दोन खुर्च्या, पाठीमागे इंजिन आणि खाली चार गलेलठ्ठ टायर, एवढाच तिचा पसारा. ग्रीस देशाच्या बेटांवर सुट्टी घालवायला आलेले पाहुणे अशा गाड्या घेऊन, एका वाटाड्याच्या मागोमाग, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून दिवसभर हिंडतात. हा तेथील पर्यटनाचा एक मोठा व्यवसाय आहे.

या विषयाशी माझा संबंध माझ्या मामांमुळे आला. कोकणातील आणि गोव्यातील कितीतरी घरांतला एकेक माणूस जहाजावर असतो, तसे माझे मामा प्रवासी जहाजावर धुलाईखात्यात आहेत. उन्हाळ्यात त्यांचे जहाज भूमध्य समुद्रात फिरते. जहाज बंदराला लागले की प्रवाशांना दिवसभराच्या सहली विकल्या जातात आणि अशा सहलींबरोबर मदतीला म्हणून कधी कधी नोकरमाणसांपैकी एखाद्याला पाठवतात. क्रीट बेटावरील इराक्लिओ बंदरात एकदा मामांना तशी संधी मिळाली आणि ते वाटाड्याच्या शेजारी बसून दिवसभर हिंडून आले. गणपतीला घरी आले तेव्हा त्यांनी मोबाईलवरची चित्रे सर्वांना दाखविली. पांढऱ्या धुळीचे लोटच्या लोट, त्यातून बाहेर येणारी गाडी, आणि गाडीत पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी दोन माणसे हसत बसलेली. माणशी शंभर युरोंहून जास्त पैसे घेतले हे ऐकून आजी म्हणाली, “काय रे, पैसे देऊन धूळ खातात ते?”

घरात हशा पिकला, पण मला तो प्रश्न विनोदी वाटला नाही. आमच्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता मी दहावीत असताना आला. त्याच्या आधी आजोबांच्या पिढीने अर्ज केले, वडिलांच्या पिढीने अर्ज केले. आजारी माणसाला डोलीत घालून तीन किलोमीटर नेताना मी पाहिले आहे. आम्ही ज्या रस्त्याला कंटाळलो होतो तसा रस्ता मिळावा म्हणून कोणी विमानाने येतो, ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे असे मला वाटले. म्हणून मामांना विचारून, नकाशे पाहून आणि मिळाले ते वाचून हा लेख लिहीत आहे.

प्रथम ही गाडी आली कोठून ते पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोडक्यातोडक्या मोटारी पळविण्याचा नाद तेथील तरुणांना फार पूर्वीपासून होता. ब्रूस मेयर्स नावाच्या होड्या बांधणाऱ्या कारागिराने १९६४ साली, होडीसाठी वापरतात त्याच फायबरग्लासचे हलके अंग घडवून त्याखाली फोक्सवॅगनच्या बीटल गाडीची यंत्रणा बसविली. बीटलचे इंजिन मागे असते, त्यामुळे भार मागच्या चाकांवर पडतो आणि चाके वाळूत नुसती फिरत न राहता पकड घेतात. शिवाय ते वाऱ्यावर थंड होणारे इंजिन असल्यामुळे पाण्याचा रेडिएटर नको. १९६७ साली मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पाच्या लांबच लांब वैराण वाटेवर त्याच्या बग्गीने मोटारसायकलींचा वेळ मोडला आणि एकदम नाव झाले. नाव झाले तसे नकलाही झाल्या आणि मेयर्सच्या हाती फारसे काही उरले नाही. २०२१ साली तो वारला.

आजच्या बेटांवरील बग्गी ही या वाळूतल्या बग्गीची नावापुरतीच लेक आहे. तिचे खरे कूळ शेतीत आहे. १९८८ साली कावासाकी कंपनीने शेतावर, गोठ्यावर, बांधकामावर सामान वाहण्यासाठी एक छोटी गाडी काढली, तिचे नाव ‘म्यूल’, म्हणजे खेचर. पुढे २००३ साली यामाहाने ‘ऱ्हायनो’ आणली, ती अर्धी कामाची अर्धी मौजेची. आणि २००७ साली पोलॅरिस कंपनीने आणलेली गाडी निव्वळ पळविण्यासाठीच होती. म्हणजे वीस वर्षांत खेचराचे शर्यतीचे घोडे झाले. कामाची वस्तू मौजेची होणे, हा या सगळ्या विषयात पुन्हा पुन्हा येणारा प्रकार आहे; रस्त्यांच्या बाबतीतही तेच झालेले पुढे दिसेल.

गाडी चालवायला सोपी, निदान दिसायला तरी. क्लच नाही, एकामागून एक टाकायचे गियर नाहीत. आपल्याकडच्या अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये जी रचना असते तीच येथे मोठ्या प्रमाणावर आहे. दोन कप्प्या आणि त्यांच्यावर एक रबरी पट्टा. इंजिनाचा वेग वाढला की एका कप्पीच्या दोन बाजू जवळ येतात, दुसरीच्या लांब जातात, पट्टा वरखाली सरकतो आणि गियर बदलल्याचे काम आपोआप होते. मात्र चढावर ही सोय अंगाशी येऊ शकते. गाडी जड, चढ उभा, वेग कमी, अशा वेळी पट्टा कप्पीवर घसरून तापतो आणि जळतो. म्हणून चढाला लागण्यापूर्वी सावकाश चालीची वेगळी खुंटी टाकायची असते. पुढे असलेली गाडी थांबली आणि मागून रबर जळल्याचा वास आला तर कोणीतरी ही खुंटी टाकली नाही असे वाटाड्या वळून न पाहताच ओळखतो, असे मामांनी सांगितले.

बेटांवर बग्गीच्या बरोबरीने दुसरे एक वाहन भाड्याने मिळते, ते चार चाकांचे पण मोटारसायकलसारखे, दोन्हीकडे पाय टाकून बसण्याचे आणि हँडलने वळविण्याचे. त्याला तिकडे क्वाड म्हणतात. या दोहोंतील फरक मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तो केवळ सोयीचा नसून जिवाचा आहे.

आपली बैलगाडी वळताना पहा. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, त्यामुळे प्रत्येक चाक आपापल्या गरजेप्रमाणे फिरते आणि गाडी निमूट वळते. मोटारीत हेच काम डिफरन्शियल करतो. पुष्कळशा क्वाडमध्ये मागची दोन्ही चाके एकाच घट्ट आसावर बसविलेली असतात. ती एकाच वेगाने फिरतात. मग वळायचे कसे? चालविणाऱ्याने अंग वळणाच्या आतल्या बाजूला झोकायचे, म्हणजे आतल्या मागच्या चाकावरचा भार बदलतो, ते थोडे घसरते आणि गाडी वळते. ज्याला हे ठाऊक नाही तो स्कूटरवर बसल्यासारखा ताठ बसतो, हँडल वळवितो, गाडी सरळच जाते, तो घाबरून आणखी वळवितो, आणि मग एकाएकी पकड मिळून गाडी उलटते. क्वाड उंच आणि आखूड असते, वर बसलेल्या माणसाचे वजनही उंचावर. माणूस तिच्याखाली सापडतो. चार चाके आहेत म्हणजे ती दोन चाकांपेक्षा स्थिर, असा सर्वसाधारण समज असतो आणि तोच घात करतो. तीन चाकांची अशीच गाडी १९७० सालापासून अमेरिकेत खपत होती. तिच्यावरून पडून इतकी माणसे, आणि त्यांत मुले, दगावली की १९८८ साली कंपन्यांना सरकारशी करार करून तिची विक्री बंद करावी लागली.

बग्गी रुंद, बुटकी, आणि माणसे तिच्या आत बसलेली. पट्टे एका खांद्यावरून नव्हे, तर दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून बांधायचे. भोवतीचा लोखंडी पिंजरा हा शोभेसाठी नाही. गाडी उलटली तर माणसासाठी जागा शिल्लक राहावी म्हणून तो आहे. पण या पिंजऱ्याचा उपयोग तुम्ही त्याच्या आत राहिलात तरच. गाडी कलंडू लागली की माणूस नकळत हात किंवा पाय बाहेर काढतो, जणू काही आपण तिला टेकू देणार आहोत. पाचसहाशे किलोची गाडी हाताने पेलत नाही. म्हणून निघण्यापूर्वी जी सूचना दिली जाते तिच्यात सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच असते: काहीही झाले तरी चालविणाऱ्याचे हात चाकावर, शेजाऱ्याचे समोरच्या दांडीवर. आमच्याकडे बांधावरून ट्रॅक्टर उलटल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. ट्रॅक्टरला असा पिंजरा बसविता येतो, आणि तो बसविलेला मी आमच्या भागात एकदाही पाहिलेला नाही.

दुसरी सूचना ब्रेकविषयी. खडीवर जोराने ब्रेक दाबला की चाक अडते, आणि अडलेले चाक वळत नाही, नुसते घसरते. सुकाणू कितीही फिरवा, गाडी जायची तिकडेच जाते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात (म्हणजे पाय) लावायचा नाही. उतारावर इंजिनाच्या ओढीनेच गाडी धरून ठेवायची.

आता सहलीकडे वळतो. क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. पूर्वपश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, रुंदी मात्र कोठे साठ तर कोठे अवघी बारा. मध्ये डोंगरांचा कणा, आणि त्यातील सर्वांत उंच शिखर प्सिलोरितीस २४५६ मीटर. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात क्रीटला अर्धे पान आहे: मिनोअन संस्कृती, क्नोसोसचा राजवाडा आणि १९०० साली तेथे उत्खनन सुरू करणारे आर्थर इव्हान्स. राज्यशास्त्रात ग्रीस म्हणजे प्लेटो आणि अॅरिस्टॉटल. त्या देशात आज माणसे राहतात, त्यांना पाण्याची टंचाई असते, त्यांची मुले उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्या धुतात, हे परीक्षेला येत नाही.

इराक्लिओच्या पूर्वेस पंचवीसएक किलोमीटरवर हेरसोनिसोस हे हॉटेलांनी गजबजलेले किनाऱ्याचे गाव आहे. मामांची सहल तेथून निघाली. आधी परवान्यांची तपासणी. बग्गीला मोटारीचा परवाना लागतो, आणि भारतातून जाणाऱ्याला त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना जवळ बाळगावा लागतो. मग एक कागद सहीसाठी येतो, जो बहुतेक लोक वाचत नाहीत. त्यात गाडीचे नुकसान कोणी भरायचे ते लिहिलेले असते. प्रवासाचा विमा असला तरी पुष्कळ विमे क्वाडवरील अपघाताला पैसे देत नाहीत. ब्रिटिश सरकार आपल्या नागरिकांना ग्रीसला जाताना ही गोष्ट मुद्दाम बजावून सांगते. मग शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा, नाकातोंडावर बांधायला रुमाल. गाड्या आठ होत्या. सर्वांत पुढे मुख्य वाटाड्या, सर्वांत मागे त्याचा सोबती, आणि मधल्या कोणीही कोणाला मागे टाकायचे नाही.

वाटाड्या कशासाठी लागतो, असा प्रश्न मी मामांना केला. रस्ता तर नकाशावर दिसतो. ते म्हणाले, “रस्ता दिसतो, दार दिसत नाही.” डोंगरातील या वाटांवर मेंढपाळांनी तारेची दारे बसविलेली असतात, शेळ्यामेंढ्या एका रानातून दुसऱ्या रानात जाऊ नयेत म्हणून. रिवाज असा की बंद दार उघडून पुढे गेलात तर मागून ते पुन्हा बंद करायचे. एखाद्या हौशी पाहुण्याने ते उघडे टाकले तर कोणाचा तरी दिवस मेंढ्या शोधण्यात जातो. क्रीटचे मेंढपाळ सालस आहेत पण गरीब गाय नाहीत. डोंगरातील रस्त्यांवरच्या सरकारी पाट्या बंदुकीच्या गोळ्यांनी चाळणी झालेल्या असतात. वाटाड्याचे अर्धे काम वाट दाखविण्याचे असते. उरलेले अर्धे ओळखीपाळखीचे. मामांचा वाटाड्या प्रत्येक दाराशी स्वतः उतरत होता आणि शेवटची गाडी आल्यावर त्याचा सोबती ते लावत होता.

या वाटा मुळात कोणी केल्या? गाडी येण्यापूर्वी क्रीटच्या डोंगरात खेचरे आणि गाढवे चालत. त्यांच्यासाठी दगड बसविलेल्या पायवाटा होत्या, त्यांना तिकडे काल्देरिमी म्हणतात. हा शब्द मूळ तुर्की. आमच्याकडे कोकणात अशा दगडी पायवाटेला पाखाडी म्हणतात, आणि चित्रे पाहिली तर दोहोंत फरक करणे कठीण. पुढे बुलडोझर आले. ऑलिव्हच्या बागांपर्यंत, मेंढ्यांच्या गोठ्यांपर्यंत, वणवा विझविण्याच्या गाड्या जाव्यात म्हणून रानांपर्यंत कच्चे रस्ते कापले गेले. कित्येक ठिकाणी ते जुन्या पायवाटेवरूनच गेले आणि दगड उखडले. म्हणजे पर्यटक ज्याला रानवाट समजून येतो ती शेतकऱ्याची कामाची वाट आहे. पीक अप गाडीतून खाद्याची पोती घेऊन निघालेला मेंढपाळ आणि आठ बग्ग्यांचा तांडा समोरासमोर येतात तेव्हा कोणी मागे जायचे? मामांच्या तांड्यातील आठही गाड्या कडेला घेतल्या गेल्या आणि मेंढपाळ दोन बोटे कपाळाला लावून पुढे गेला. मला हे वाचनातील कुठल्याही वर्णनापेक्षा महत्त्वाचे वाटते.

धुळीचे कारण हवामानात आहे. आपल्याकडे उन्हाळा संपतो आणि पाऊस येतो. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि जून ते ऑगस्ट आकाश जवळजवळ कोरडे. डोंगर चुनखडीचे. चुनखडीचा चुरा चाकांखाली दळला जाऊन पिठासारखा होतो आणि त्याला खाली बसवायला थेंबभर पाणी नसते. जुलै–ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. तो आडवा असेल तर धूळ बाजूला जाते. पाठीमागून असेल तर धूळ तुमच्याबरोबर प्रवास करते आणि मागच्या गाडीला पुढची दिसत नाही. त्या वेळी अंतर वाढवावे लागते. घाई करणारा पाहुणा याच वेळी पुढच्यावर आदळतो. चाकांचा मार्ग सोडून रानात गाडी घालणे तर अगदी वर्ज्य. डोंगरउतारावर गुडघाभर उंचीची काटेरी, सुवासिक झुडपे असतात, त्यांत थाईम असते, सेज असते. त्यांवरच तेथील मधमाश्या जगतात. कोरड्या हवेत ती फार सावकाश वाढतात. एकदा चाकाखाली गेलेली जागा उघडी पडते आणि हिवाळ्यातील पाऊस तेथली माती घेऊन जातो.

आगीचे भय तर त्याहून मोठे. उन्हाळ्यात ग्रीसचे नागरी संरक्षण खाते रोज वणव्याच्या धोक्याचा नकाशा काढते, त्यात पाच पायऱ्या असतात. वरच्या पायऱ्यांच्या दिवशी रानात जायला बंदी घालता येते आणि मग सहल रद्द. गवतावर उभ्या केलेल्या गाडीची तापलेली नळी पुरेशी असते. २०२३ च्या जुलैमध्ये ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला तेव्हा सुमारे एकोणीस हजार लोकांना, बहुतेक पर्यटकांनाच, हॉटेले सोडून बाहेर काढावे लागले. तो वणवा बग्गीने लागला असे मुळीच नाही. पण त्या बेटांवरचे रान उन्हाळ्यात किती तयारीत असते ते यावरून कळेल.

हेरसोनिसोसहून लासिथीच्या पठाराकडे चढताना वाटेत अपोसेलेमिस नावाचे धरण लागते. मामांची सहल तेथे वीस मिनिटे थांबली. पाहुण्यांनी चित्रे काढली, कारण दृश्य खरोखरच देखणे आहे: उघडे डोंगर आणि मध्ये हिरवे पाणी. त्या पाण्याच्या काठाला स्फेन्दीली नावाचे गाव आहे, किंवा होते. २०१० नंतरच्या दशकात धरण भरू लागले तसे गावाची खालची घरे पाण्यात गेली. पाणी उतरले की भिंती वर येतात. या धरणाचे पाणी इराक्लिओला जाते आणि हेरसोनिसोससारख्या किनाऱ्यावरील गावांना जाते. जेथे पाहुणे संध्याकाळी अंगावरची धूळ धुतात त्या नळालाही तेच पाणी. वाटाड्याने हे इंग्रजीत सांगितले, थोडक्यात आणि सूर न बदलता. मामांना ते लगेच समजले. धरणग्रस्त या शब्दाचा अर्थ कोयनेच्या मुलखाजवळ राहणाऱ्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. बाकीच्यांना समजले की नाही ते सांगता येत नाही. एका बाईंनी गाव बुडाले तेव्हा लोक कोठे गेले असे विचारले, एवढे खरे. या सहलीतून पाहणाऱ्याला काही मिळते की नुसता वेग मिळतो, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी त्या बाईंचे उदाहरण देईन.

पुढे क्रासी नावाचे खेडे. ग्रीक भाषेत क्रासी म्हणजे द्राक्षाची दारू, पण गाव प्रसिद्ध आहे ते झऱ्यासाठी आणि त्याच्यासमोरच्या एका प्रचंड झाडासाठी. त्याचे खोड कवेत घ्यायला अनेक माणसे हातात हात धरून उभी राहावी लागतात. त्या झाडाची चौकशी केली तेव्हा मला आनंद झाला, कारण काश्मीरचा चिनार तो हाच. झाडाखाली खुर्च्या मांडून म्हातारे बसलेले असतात. तांडा आला की त्यांच्या गप्पा थांबतात, इंजिने बंद झाली की पुन्हा सुरू होतात. तेथे पाहुण्यांना द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेली राकी लहान पेल्यातून दिली जाते. नको म्हटले तर यजमानाला वाईट वाटते. ग्रीक भाषेत ‘क्सेनोस’ हा एकच शब्द परक्यालाही आहे आणि पाहुण्यालाही, असे वाचले आहे. पण चालविणाऱ्याला कायद्याने लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅमहून अधिक मद्यार्क चालत नाही. वाटाड्याने चालविणाऱ्यांना लिंबाचे सरबत दिले आणि राकी शेजाऱ्यांना. मामा गाडी चालवीत नव्हते, तरी त्यांनीही सरबतच घेतले असे आजीसमोर तरी सांगितले.

नऊशे मीटर उंचीच्या खिंडीत दगडी पवनचक्क्यांचे अवशेष आहेत, धान्य दळण्याच्या. ती ओलांडली की खाली लासिथीचे पठार पसरलेले दिसते. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये ताटासारखी सपाट शेते, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरहून उंचावर. नदीला बाहेर पडायला वाट नाही. पाणी पठाराच्या एका टोकाला जमिनीतील विवरात शिरते आणि नाहीसे होते. चुनखडीच्या डोंगरात असे घडते, कारण पाणी हा दगड हळूहळू विरघळवून आतून पोकळ करते. पठारात पूर्वी हजारो पवनचक्क्या होत्या, पांढऱ्या कापडी शिडांच्या, विहिरीचे पाणी उपसण्यासाठी. इंजिनाचे पंप आले आणि शिडे उतरली. आता काही ठिकाणी ती पुन्हा लावतात, पाहुण्यांनी पाहावे म्हणून. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी तेराव्या शतकात बंडखोरांचा आसरा मोडण्यासाठी हे सबंध पठार रिकामे करविले आणि तेथे नांगर धरायला बंदी केली. ती बंदी पिढ्यान् पिढ्या टिकली. इतकी सुपीक जमीन इतका काळ पडीक ठेवण्याइतके भय त्या डोंगरी लोकांचे होते.

२०१९ साली ग्रीसमध्ये तीन कोटी तेरा लाखांच्या आसपास परदेशी पाहुणे आले. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे त्या देशाची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्याही आत आहे. माणशी तीन पाहुणे असा हिशेब पडतो आणि तेही बहुतेक एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांत. पाहुणा समुद्रकाठी खर्च करतो. डोंगरातल्या खेड्यात पोरे उरत नाहीत. बग्गीच्या सहलीने निदान दुपारच्या जेवणाचे, मधाचे, तेलाचे पैसे वर पोचतात, हे तिच्या बाजूने सांगायला हवे. आवाज आणि धूळही वरच पोचते, हे विरुद्ध बाजूने. मला स्वतःला असे दिसते की आठ गाड्यांचा एक तांडा आणि दारे लावणारा वाटाड्या असेल तर गाव ते सोसते. परवान्याच्या जोरावर एकट्याने क्वाड घेऊन सुटलेल्या माणसापेक्षा तो शंभर पटींनी बरा. तांडे दिवसाला पाच झाले तर चिनाराखालच्या म्हाताऱ्यांच्या गप्पांचे काय होईल, ते गावाने ठरवायचे, सहल विकणाऱ्याने नव्हे.

आणि आजीच्या प्रश्नाविषयी. ज्याच्या घरापासून कामापर्यंत सगळा रस्ता डांबरी आहे, ज्याचा परतीचा दिवस तिकिटावर छापलेला आहे, त्याला खड्डा म्हणजे गंमत वाटते. गाडी बिघडली तर दुसरी येते, दुखापत झाली तर इस्पितळ खाली आहे. आमची डोली ज्या खड्ड्यांतून जात होती ते याहून खोल नव्हते. त्यांतून दुसऱ्या दिवशीही जायचे होते, एवढाच फरक.

संध्याकाळी गाड्या हेरसोनिसोसला परत येतात तेव्हा खरे काम सुरू होते. हवेची गाळणी काढून झटकायची, कारण तिच्यातून धूळ इंजिनात गेली की सिलिंडर घासून निकामी होतो. पट्टा तपासायचा, टायरात अडकलेले खडे काढायचे, पिंजऱ्याचे बोल्ट एकेक करून आवळायचे. मामांनी शेवटचे चित्र काढले आहे ते याचे: वाटाड्या गाडीखाली आडवा, फक्त बूट बाहेर. नोव्हेंबरपासून त्याला हे काम नसते. त्या महिन्यांत क्रीटमध्ये ऑलिव्हचा हंगाम चालू होतो; झाडाखाली जाळी अंथरायची, फांद्या झोडायच्या, फळे पोत्यांत भरून गिरणीत न्यायची. वाटाड्याच्या घरची झाडे त्याच वाटेवर आहेत, तिसऱ्या दाराच्या आत.